वगळलेला फोल्डर

एका कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी सव्वीस वर्षं तक्रारी घेतल्या. आतल्या आत चारशेच्या वर फोन होते, आणि त्यातला कुठलाही बंद पडला की पहिला शब्द माझ्या कानावर पडायचा. तो बहुतेक वेळा चांगला नसायचा. मी ऐकून घ्यायचे आणि तीनच प्रश्न विचारायचे: कधीपासून, कुठल्या वेळेला, आणि त्याआधी तुम्ही काय केलंत. तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच, "काही नाही केलं." ते कधीच खरं नसायचं.

निवृत्त झाल्यावरही माझी ही खोड गेली नाही. वारज्याला आमच्या सोसायटीत कुणाचा गीझर किंवा मिक्सर अडला की लोक आधी माझ्या दारात येतात, आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. त्यामुळे गेल्या वर्षी आमच्या ह्यांनी दुपारच्या चहाला येऊन "कॉम्प्युटर पुन्हा गोठलाय" असं सांगितलं तेव्हा मला काळजीबिळजी वाटली नाही. उलट हात शिवशिवले.

हे महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवायचे. मामंजी, म्हणजे माझे सासरे, मार्केट यार्डात तोलार होते. शेतकऱ्याचं पोतं काट्यावर चढलं की वजन वाचून ते मोठ्याने सांगायचं, हे तोलाराचं काम. मुलगा मास्तर झाला तरी त्याच्या मनातून यार्ड गेलं नाही. शाळेत असतानाच ह्यांनी एक लहानसा रेकॉर्डर घेतला आणि सुट्टीच्या सकाळी यार्डात जाऊन हमाल, तोलार, चहावाले, जो बोलेल त्याचं बोलणं टिपायला सुरुवात केली. त्यातली बरीच माणसं आता नाहीत. ह्यांच्या कॉम्प्युटरवर 'यार्ड' नावाच्या फोल्डरमध्ये दोनशेच्या वर फिती आहेत. फिती हा ह्यांचा शब्द, आहेत त्या फाइलीच. रोज सकाळी हे त्यातली एक ऐकून टाइप करतात, आणि त्याचं पुस्तक व्हायचं आहे.

मामंजींची फीत एकच. ती रेकॉर्ड केली आणि दोन महिन्यांत ते गेले, त्याला नऊ वर्षं झाली. हे ती एकदाही ऐकू शकले नव्हते. "पहिलं प्रकरण त्यांचं," असं म्हणायचे, "पण ते मी सगळ्यात शेवटी करणार." मी कधी टोकलं नाही.

तर तीन प्रश्न. कधीपासून? महिनाभर. कुठल्या वेळेला? ते माहीत नाही. का माहीत नाही? तर हे झोपलेले असतात.

पुण्यातल्या माणसाच्या दुपारच्या झोपेवर बाहेरच्यांनी खूप विनोद केलेत, मी आणखी एक करणार नाही. पण ह्या झोपेनेच आमचं निदान अडवलं होतं. अँटीव्हायरस घालताना कॉम्प्युटरने विचारलं होतं, आठवड्याची तपासणी कधी करू, आणि ह्यांनी दर मंगळवारी दुपारी दोन अशी वेळ दिली होती, कारण तेव्हा घरात कुणीच जागं नसतं. म्हणजे यंत्र जे काही करायचं ते आमच्या घोरण्याच्या आड करत होतं, आणि चार वाजता ह्यांच्या हाती फक्त गोठलेला पडदा यायचा. माउस हलत नाही, काही नाही. बटण दाबून बंद करायचा, पुन्हा लावायचा, की दिवसभर उत्तम.

"त्याआधी तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"काही नाही केलं," हे म्हणाले.

पुढच्या मंगळवारी मी झोपले नाही. निवृत्त झाल्यापासूनची पहिलीच अशी दुपार असेल. दोन वाजता खोलीत जाऊन बघते तर कॉम्प्युटरचा डबा मान खाली घालून बुरख्यात बसलेला. जुन्या चादरीचा तो झगा मीच शिवला होता, धुळीसाठी. यंत्र बंद असताना घालायचा, हे शिवताना सांगितलंही होतं. ह्यांनी झोपायला जाताना पडदा बंद करून डब्याला झगा चढवला होता. आत पंखा फुरफुरत होता.

"अहो, चालू यंत्राला पांघरूण घालता?"

"तपासणी काय तो पडदा बघून करतो का? धूळ बसते."

झगा काढला, डबा उघडून ब्रशने धूळ काढली, आणि वहीत लिहिलं: उपाय एक. वही ठेवायची आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा माझा नियम. चार गोष्टी एकदम बदलणाऱ्याचं यंत्र सुरू होतंही, पण का झालं ते त्याला मेलं तरी कळत नाही. आता मंगळवारची वाट न बघता मी रोज दुपारी हाताने तपासणी सुरू करून समोर बसू लागले. पडदा गोठायचाच. पण एक गोष्ट लक्षात आली. कोपऱ्यातलं घड्याळही त्याच क्षणी थांबायचं, आणि ते एक दिवस दोन बेचाळीसला थांबलं, दुसऱ्या दिवशी दोन त्रेचाळीसला. उष्णतेचा आजार इतका वेळ पाळत नाही. काहीतरी ठरलेल्या जागी अडखळत होतं.

मग दिसलं की कॉम्प्युटरमध्ये अँटीव्हायरस एक नाही, दोन आहेत. एक विकत घेतलेला. दुसरा ह्यांनी कुठल्याशा मासिकासोबत फुकट आला म्हणून बसवलेला, जुना, तो काढायला ह्यांचं मन झालं नव्हतं. एकाच दारावर दोन वॉचमन ठेवले की ते चोरापेक्षा एकमेकांवरच डोळा ठेवतात, तसं चाललं होतं. जुना काढला. उपाय दोन. कॉम्प्युटर चांगलाच हलका झाला, आणि दोन एकतीसला गोठला.

तिसऱ्या खेपेला मी घड्याळ सोडून तपासणीच्या खिडकीत खाली जी ओळ पळत असते तिच्याकडे बघत बसले. आत्ता कुठली फाइल तपासतोय ते ती ओळ सांगते. ती थांबली तेव्हा तिच्यावर 'यार्ड' हा शब्द होता, पुढे आकडे होते आणि नाव अर्धवट दिसत होतं. दुसऱ्या दिवशी तेच. त्या फोल्डरशी अँटीव्हायरसचं काहीतरी वाकडं आहे, असं मी ठरवलं. जुन्या पद्धतीच्या आवाजाच्या फाइली, असेल काही. सेटिंगमध्ये 'तपासणीतून वगळा' अशी सोय होती. मी अख्खा 'यार्ड' फोल्डर त्यात टाकला आणि तपासणी लावली. पावणेतीन झाले, तीन झाले, तीन वाजून दहा मिनिटांनी हिरवी खूण आली. सर्व ठीक.

मी ह्यांना झोपेतून उठवून दाखवलं. वहीत 'तक्रार बंद' असं लिहून खाली रेघ मारली. त्या रात्री जेवायला श्रीखंड आणलं, आणि सोसायटीत दोन घरी हा किस्सा सांगितलाही. बारा दिवस मी फार खुशीत होते.

तेराव्या दिवशी सकाळी भाजी निवडताना, काही कारण नसताना, मला एक्स्चेंजमधली एक गोष्ट आठवली. आमच्याकडे रोज सकाळी सगळ्या लायनींची चाचणी व्हायची आणि बिघडलेल्यांची यादी साहेबांकडे जायची. गोदामाची एक लाइन त्या यादीत रोज यायची. माझ्या आधीच्या बाईंनी त्यावर तोड काढली होती, त्यांनी ती लाइन चाचणीतूनच काढून टाकली. यादी स्वच्छ झाली, साहेब खूश. गोदामात मात्र फोन वाजेना. नवीन असताना हे शोधून काढलं म्हणून माझं नाव झालं होतं.

आणि मी काय केलं होतं? तेच.

हातातली मेथी तशीच टाकून मी खोलीत गेले. अँटीव्हायरसला कुठली फाइल आवडत नाही, नावडत नाही, असं काही नसतं. तो फक्त एकेक फाइल उघडून वाचतो. जी आम्ही नऊ वर्षांत उघडली नव्हती तीसुद्धा तो दर मंगळवारी वाचायला जात होता, आणि वाचता येत नाही म्हणून अडत होता. रोग अँटीव्हायरसला नव्हता, हार्ड डिस्कला होता. तो ते दर आठवड्याला ओरडून सांगत होता आणि मी त्याला गप्प बसवलं होतं.

मी फोल्डर उघडला. पूर्ण नाव वाचायला हवं होतं, ते मी आधी वाचलंच नव्हतं. त्या ओळीतले आकडे जुळवून पाहिले. अडणारी फाइल मामंजींची होती.

"ह्याची दुसरी प्रत कुठे आहे?" मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"दुसरी कशाला?" हे म्हणाले. "कॉम्प्युटरमध्ये ठेवलंय की." रेकॉर्डरच्या कार्डात जागा थोडी. म्हणून हे प्रत्येक फीत कॉम्प्युटरवर घ्यायचे आणि कार्ड पुसून पुढच्या सुट्टीला वापरायचे. इतक्या वर्षांत एकच कार्ड, ह्याचा ह्यांना अभिमान होता.

मी सांगितलं. माझी चूकही सांगितली. हे खुर्चीत बसले आणि गुडघ्यावरून हात फिरवत राहिले. मला रागावले असते तर बरं वाटलं असतं. मला फार भीती वाटली, इतकी भीती मला कुठल्याही यंत्रापुढे कधी वाटली नव्हती.

तरी हातपाय गाळून चालणार नव्हतं. मी एकदाही ती फाइल कॉपी करायचा प्रयत्न केला नाही. आजारी डिस्ककडून पुन्हा पुन्हा वाचून घेणं म्हणजे तिला मारणं, एवढं मला कळत होतं. कॉम्प्युटर बंद केला, डबा रिक्षात मांडीवर घेतला आणि कर्वेनगरला एका डेटा परत काढून देणाऱ्याच्या दुकानात गेले. काउंटरवर पाटी होती: 'बॅकअप का घेतला नाही, हे आम्हाला सांगू नये.' माणूस माझ्याच वयाचा, तोंडावरची माशीही हलू न देणारा. मी त्याला वही दिली. त्याने ती पहिल्या पानापासून वाचली.

"अशी नोंद घेऊन कुणी येत नाही," तो म्हणाला. मग शेवटच्या रेघेवर बोट ठेवून, "ही एवढी घाई केलीत."

"बारा दिवस आधी आणला असता तर?"

"ते आता विचारून काय करणार आहात?" त्याने डबा आत नेला. पण निघताना म्हणाला, "डिस्क रोज थोडी थोडी जाते, बाई. चार दिवसांनी या."

चार दिवसांनी कॉम्प्युटरमधलं सगळं नव्या डिस्कवर उतरवून मिळालं, फितीही. बाकीच्या पूर्ण. मामंजींची त्रेचाळीस मिनिटांची, तिच्यात मध्ये सुमारे चार मिनिटं नाहीत. तिथे नुसती खरखर आहे.

त्या दुपारी हे झोपले नाहीत. आपणहून खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "लाव." नऊ वर्षांनी मामंजी बोलायला लागले.

"पोतं टाकलं की काटा हालतो. यापारी घाई करतो, सांगा म्हनतो. पर काटा थांबल्याबिगर आकडा बोलायचा न्हाई. एकदा बोललं की बोललं, त्यो शेतकऱ्याचा माल हाय."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, हा ह्यांचा चांगुलपणा. मी वहीतल्या त्या रेघेचाच विचार करत होते. मग खरखर सुरू झाली आणि चार मिनिटं आम्ही दोघं ती ऐकत बसलो. पुढे फितीत घरातलं घड्याळ ठोके देतं आणि मामंजी म्हणतात, "बंद कर आता तुझं यंत्र. जेवायला बस."

"मधे काय होतं?" मी विचारलं. "तुम्हाला आठवतं?"

"सगळं आठवतं," हे म्हणाले. "तुझ्याबद्दल होतं."

मामंजी आमच्याकडे दहा वर्षं राहिले, पण सासऱ्याने सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही, ही त्यांच्या गावची रीत त्यांनी शेवटपर्यंत पाळली. चहा हवा असला तरी भिंतीकडे बघून म्हणायचे, "जरा च्या मिळंल का म्हनावं." त्यांना माझ्याबद्दल काय वाटतं, हे मला दहा वर्षांत कळलं नाही, आणि मी ते कळून घ्यायचा नाद सोडून दिला होता.

"पुस्तकात वाचशील, असं ठरवलं होतं," हे म्हणाले. "मला ते ऐकायचा धीर होत नव्हता, म्हणून राहिलं."

मग ह्यांनी कीबोर्ड पुढे ओढला आणि आठवून आठवून ती चार मिनिटं टाइप करायला घेतली. मी उठून जाणार होते, पण वाचत बसले. पडद्यावर एकेक अक्षर उमटत होतं: 'सून लई इचाराची हाय. काटा थांबल्याबिगर बोलत न्हाई. यार्डात माझ्या जागी हिला उभी केली तरी चालंल.'

"हे काढा," मी म्हणाले. "खरं नाही ते. मी घाई केली."

"त्यांचं वाक्य आहे, मी बदलणार नाही," हे म्हणाले आणि पुढचं टाइप करू लागले.

मी वही उघडली, 'तक्रार बंद' खोडलं आणि 'यार्ड' फोल्डर वगळलेल्या यादीतून काढला. मंगळवारी दोन वाजता तपासणी लागते. आता फितींच्या तीन प्रती आहेत, डिस्क नवी आहे, अडायचं काही कारण नाही. तरी हिरवी खूण येईपर्यंत मी समोर बसून राहते, आणि ती आल्यावरच वहीत लिहिते.