श्यामरावांच्या बरणीतला तिसरा केक

मैनाताई भालेरावांच्या स्वयंपाकघरात एक घड्याळ आहे. ते कित्येक वर्षं बंद आहे आणि भिंतीवरचा गळतीचा डाग झाकण्याचं काम चोख बजावतं. वेळ कळण्यासाठी बाईंना घड्याळ कधी लागलंच नाही. त्यांच्याकडे चहा उकळतो एका परिच्छेदात. रवा खमंग भाजून होतो चार पानांत, पण पानांवर संवाद जास्त असले तर पाच. आणि नाताळचा केक होतो एका प्रकरणात.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. मी पोस्टात खिडकीवर बसून जन्म काढलेली बाई. खिडकी बंद व्हायची वेळ झाली की समोर कोण उभं आहे हे न बघता फळी खाली ओढणारी. मला हे पुस्तकावर स्वयंपाक करणं म्हणजे निव्वळ थेर वाटले होते. पण गुरुवार पेठेत एकाच मजल्यावर समोरासमोर राहिलं की माणसाला शेजाऱ्यांच्या थेरांची सवय होते, आणि मग तो त्यांची वाटही बघायला लागतो.

वाचायचे ते श्यामराव, मैनाताईंचे यजमान. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. नाताळाआधीचे चार रविवार सुरू झाले की बुधवार पेठेतून एक जाडजूड कादंबरी घेऊन यायचे. मग सगळा डिसेंबर दुपारभर ती कादंबरी चालायची. स्वयंपाकघराच्या दारात वेताची खुर्ची, पायांवर सोलापुरी चादर, हातात पुस्तक. आत मैनाताई करंज्या लाटतायत, शंकरपाळी कातताहेत. गॅलरीतलं ऊन हळूहळू सरकत त्यांच्या चपलांपर्यंत यायचं. मधूनच पंचहौदच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, घंटांचा सराव चालायचा आणि तेवढ्यापुरतं वाचन थांबायचं. आमची दारं दिवसा उघडीच असतात. समोरच्या घरात पलंगावर पडल्यापडल्या मला शब्द नीट कळायचे नाहीत, नुसता आवाज यायचा, आणि त्याबरोबर तुपाचा, वेलदोड्याचा वास. डिसेंबरची माझी दुपारची झोप त्या आवाजावर लागायची. स्वप्नात कुणीतरी अनोळखी माणसं यायची, बोटीत बसायची, भांडायची. जागी झाले की कळायचं, ती कादंबरीतली होती.

या जूनमध्ये श्यामराव गेले. दुपारी जेवून झोपले ते उठलेच नाहीत.

मागे राहिली त्यांची बरणी. दर वर्षी नाताळ आटोपला की जानेवारीत श्यामराव पुढच्या वर्षीच्या केकची तयारी करायचे. काळ्या मनुका, संत्र्याची साल, काजूचे तुकडे, सगळं चिनीमातीच्या बरणीत घालायचं, वर रम ओतायची आणि बरणी फडताळात मागे सरकवायची ती थेट डिसेंबरात काढायची. रम ते कॅम्पातून आणायचे, वर्तमानपत्रात गुंडाळून. जिन्यात कुणी भेटलं की ते पुडकं काखेत दाबून धरायचे. पुडक्यात काय आहे हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. बरणीत बरोबर तीन केकचा ऐवज असे. एक देवळात भक्तीनंतरच्या चहाला, एक इमारतीत वाटायला आणि एक घरचा.

नोव्हेंबर संपता संपता मैनाताईंनी मला गॅलरीत बोलावून घेतलं. बरणी कठड्याजवळच्या स्टुलावर ठेवलेली. झाकण बंदच.

"विजूताई, रोहन मागे लागलाय. कायमची ये म्हणतो."

रोहन त्यांचा मुलगा. वाघोलीला फ्लॅट घेतलाय, बाराव्या मजल्यावर. मुलगा चांगला आहे, सून, अपेक्षा नावाची, त्याहून चांगली. त्यामुळे नावं ठेवायलाही जागा नाही.

"मग?" मी म्हटलं.

"मी असं ठरवलंय, की ह्यांच्या बरणीचे तीन केक करायचे. एक जरी जमला तरी मी इथे राहीन. नाही जमला, तर ह्यांच्याशिवाय ह्या स्वयंपाकघरात माझ्या हातून काही होत नाही असं समजेन आणि जाईन."

"अहो, केकवरून कुणी घर सोडतं का?"

"मग कशावरून सोडतात?" त्यांनी विचारलं.

समोरच्या दाराला कुलूप आणि डिसेंबरच्या दुपारी नुसत्या रिक्षांचे हॉर्न, हे मला चालणार नव्हतं. माझ्या वयात शेजार नव्याने जुळवत बसायला उसंत कुणाला आहे?

पहिला केक रोहननं पाठवलेल्या नव्या ओव्हनमध्ये झाला. फोनवर तो सांगत होता, "आई, फक्त टायमर सेट कर, बाकी सगळं ऑटोमॅटिक आहे, चिल!" एक प्रकरण म्हणजे किती मिनिटं हे मैनाताईंना सांगता येईना. अंदाजाने त्यांनी तासभर लावला. घंटी किणकिणली तेव्हा केक खालून कोळसा झाला होता. वरचा भाग चमच्यानं कोरून त्यांनी कावळ्यांना घातला, आणि त्या ओव्हनवर क्रोशाचा रुमाल टाकून त्याचं टेबल केलं.

"वाचायलाच हवं कुणीतरी," मी म्हटलं. कुणीतरी म्हणजे कोण, हे उघड होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बुधवार पेठेत गेलो. दुकानात मी सांगितलं, "जाड कादंबरी द्या. महिनाभर पुरली पाहिजे." दुकानदारानं चष्म्यावरून बघितलं. "वाचायला हवीय की रद्दीत घालायला?" आपल्या गावात ग्राहकाचा असा मान राखला जातो. मैनाताई मात्र हसल्या. जूननंतर पहिल्यांदा हसल्या असाव्यात, म्हणून मी त्या माणसाला उलट काही सुनावलं नाही. नदीवर होडी चालवणाऱ्या एका घराण्याची सातशे पानांची कादंबरी घेऊन आम्ही परत आलो.

मग आमच्या दुपारी सुरू झाल्या. वेताच्या खुर्चीत मी, पायांवर तीच चादर. मी जीव ओतून वाचत होते. श्यामरावांच्या जागेवर बसायचं म्हणजे नीट वाचायला हवं, कुठे अडखळायचं नाही, मध्ये आपली अक्कल पाजळायची नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. करंज्या झाल्या, चकल्या झाल्या. चकल्या जरा मऊ राहिल्या, पण मी तिकडे काणाडोळा केला. बाहेर थंडी चांगलीच उतरली होती. समोरच्या इमारतीत कुणीतरी कागदी चांदणी टांगली होती आणि दिवेलागणीला ती लाल व्हायची. नदीवरचं धुकं पुस्तकातून येत होतं की गॅलरीतून, हे काही वेळा मलाच कळायचं नाही. हातातलं पान तसंच राहायचं आणि दोघी गप्प बसून त्या चांदणीकडे बघत राहायचो.

दुसरा केक घातला तो जुन्या, गोल अॅल्युमिनियमच्या ओव्हनमध्ये, ज्याचं झाकण मध्येच उघडलं की केक बसतो. त्यामुळे सुई टोचून बघायची सोय नाही. मी एक प्रकरण घेतलं आणि स्वच्छ, सुरेख, एकदाही न थांबता वाचून काढलं. झाकण उघडलं. वरून सोनेरी होता. सुरी घातली तर आत पीठ वाहत होतं.

मैनाताई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "तुम्ही फार छान वाचता विजूताई," त्या म्हणाल्या. इतकं वाईट मला पोस्टातल्या कुठल्याही साहेबानं वाटायला लावलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या कपाटातल्या जुन्या कादंबऱ्या काढून बघत बसले. श्यामराव एकेका केकला किती मोठं प्रकरण घेत असतील याचा काही पत्ता लागतो का, एवढंच बघायचं होतं. प्रत्येक पुस्तकात जुनी बसची तिकिटं खुणेला घातलेली होती, आणि सगळी भलत्याच जागी, प्रकरणाच्या ऐन मध्यात. या माणसाला एक प्रकरण धड संपवता येत नव्हतं का, असं मनाशी म्हणत मी पुस्तकं परत लावून ठेवली.

तिसऱ्या केकच्या दिवशी बरणी पालथी करून मैनाताईंनी शेवटची मनूक बोटानं काढून घेतली. ओव्हनचं झाकण लावलं. मला म्हणाल्या, "करा सुरू." आवाज अगदी शांत होता, पण पदर त्यांनी दोन्ही मुठींत धरलेला मला दिसला.

मी वाचू लागले. नदीला पूर आलाय. पलीकडच्या गावात कुणीतरी अडलेली बाई आहे. नावाडी अंधारात होडी सोडतो, बायकोला काही न सांगता. ती घरात त्याचं ताट झाकून बसलीय. दोन पानं झाली, तीन झाली, ती आपली बसलेलीच. माझं डोकं तापायला लागलं. गेले तीन आठवडे मी त्या नावाड्याचं सगळं सहन केलं होतं, पण याला काही सीमा?

"काय माणूस आहे हा!" मी पुस्तक मांडीवर आपटलं. "बायकोला दोन शब्द सांगून निघाला असता तर होडी बुडणार होती का?"

बोलून गेले आणि जीभ चावली. पण आतून उत्तर आलं.

"सांगितलं असतं तर तिनं जाऊ दिलं असतं का?"

"म्हणून न सांगता जायचं? ती इथे ताट धरून बसलीय!"

"काही माणसं जातात न सांगता," मैनाताई म्हणाल्या.

मी उठून आत जावं की न जावं अशी बसले होते. देवळात घंटांचा सराव सुरू झाला होता.

"चहा टाकू का विचारायला गेले होते मी," त्या आतूनच बोलल्या. "दोनदा विचारलं. मग रागावले, की ऐकू येत नाही का म्हणून. ते गेलेले होते आणि मी रागवत होते. निदान एक हाक मारायची ना, विजूताई? मी इथेच होते, ह्या ओट्याशी. एवढंसं तर घर आहे."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला ती चादरच होती. आत मैनाताई नाक ओढत होत्या. दोघी आपापल्या जागी बसून रडलो. घंटा थांबेपर्यंत कुणी कुणाची समजूत काढली नाही.

मग त्याच म्हणाल्या, "वाचा पुढे. तुमचा नावाडी अजून मेलेला नाही."

"मेला तर बरं होईल," मी म्हटलं.

"वा! दुसऱ्याच्या बायकोला वाचवायला गेलाय तो."

"दुसऱ्याच्या बायकोची बरी काळजी!"

"हेही अगदी असंच बोलायचे," मैनाताई म्हणाल्या, "फक्त उलट्या बाजूनं. कादंबरीतल्या प्रत्येक बाईत खोट काढायचे. एक पान वाचलं की दोन पानं भांडायचे."

आणि आम्ही भांडलो. मी परिच्छेद वाचायचा, नावाड्याला शिव्या द्यायच्या. त्यांनी आतून त्याची बाजू घ्यायची. अर्धं पान झालं की पुन्हा तेच. नावाड्याची बायको शेवटी ते ताट तसंच ठेवून दाराशी येते, तिथे मी थांबले, कारण दारातून वास आला. रम, जायफळ, भाजलेली साखर आणि त्यामागून काहीतरी जुनं, ओळखीचं. डिसेंबरातल्या माझ्या सगळ्या झोपांमधून तो वास गेला होता.

"झाला," मैनाताई म्हणाल्या आणि झाकण उचललं.

केक मधोमध छान फुगला होता. सुरी कोरडी बाहेर आली. त्यांनी ती मला दाखवली, मग स्वतः पुन्हा बघितली, मग परत मला दाखवली. माझा जीव भांड्यात पडला. पुस्तकात बघितलं तर आम्ही प्रकरणाच्या जेमतेम अर्ध्यावर होतो.

"प्रकरण राहिलं," मी म्हटलं.

"ते कधीच पुरं व्हायचं नाही. उरलेलं केक खाताना." त्यांनी ड्रॉवरमधून एक बसचं तिकीट काढलं आणि पानात घातलं. मग फोन उचलून रोहनला म्हणाल्या, "नाताळला तुम्ही दोघं इकडे या. मी कुठेही येत नाहीये. का म्हणजे? माझं प्रकरण राहिलंय."

केक एकच, आणि मानकरी तीन. देवळाला मोठा भाग गेला, इमारतीत बोटभर तुकडे वाटले, आणि नाताळच्या दुपारी आम्ही चौघांनी उरलेला खाल्ला. मी वाचत होते. नावाडी परत आला. मी तरीही त्याला माफ केलं नाही.

जानेवारीत बरणी धुऊन, उन्हात वाळवून मैनाताईंनी माझ्यापुढे ठेवली. "मनुका मी आणते," त्या म्हणाल्या. "रमचं तुम्ही बघा."

अशा रीतीनं पोस्टातून निवृत्त झालेली, संकष्टी न चुकवणारी मी कॅम्पातल्या दारूच्या दुकानात रांगेत उभी राहिले. काउंटरवरच्या माणसाला म्हटलं, "केकसाठी हवीय." तो म्हणाला, "सगळे तेच सांगतात." बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आणली. जिन्यात दुसऱ्या मजल्यावरचे गोपाळकृष्ण भेटले, तर मी पुडकं काखेत दाबून धरलं. त्यांनी ते ओळखलंच. हसले आणि बाजूला झाले.

मनुकांवर रम ओतून झाली. मैनाताईंनी झाकण लावलं, त्यावर फडकं बांधलं आणि बरणीवर हात ठेवून जरा वेळ उभ्या राहिल्या.

"आता पुढच्या डिसेंबरपर्यंत दोघींनाही जगावं लागणार," त्या म्हणाल्या.

"बघू," मी म्हटलं, आणि बरणी उचलून फडताळात मागे सरकवली.