रिम वाजवून बघणारे काका

चाकाच्या रिमवरचे ओरखडे काढून देणाऱ्या या माणसाचं आडनाव कुणाला धड ठाऊक नव्हतं, आणि आडनाव विचारून रिम कोण दुरुस्त करतो? सगळे त्यांना नखवाले काका म्हणायचे. फुटपाथला घासून खरवडलेली रिम समोर आली की काका आधी ओरखड्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचे. नख सरकलं तर नुसतं पॉलिश, अडकलं तर घासणं, भरणं आणि रंग. मग रिम दोरीला टांगून लाकडी हातोडीने एक टोला द्यायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. धड रिम बराच वेळ गुणगुणत राहते, तडा गेलेली चटकन गप्प होते. गप्प झाली की काका हात जोडायचे. "ओरखडा झाकून देईन, तडा झाकणार नाही. नवी घ्या." गिऱ्हाईक गयावया करायचं, चिडायचं, बाहेर जाऊन नावं ठेवायचं आणि पुढच्या खेपेला परत इथेच यायचं.

पण तीस वर्षं ग्राइंडरशेजारी उभं राहिल्यावर कान काय शाबूत राहणार? दोन वर्षांपूर्वी एक दिवस काकांनी टोला दिला आणि त्यांना फक्त हातोडीचा ठोका ऐकू आला. पुढचं गुणगुणणं नाहीच. डॉक्टर म्हणाले, जाडे आवाज येतील, बारीक गेले ते गेले. काकांच्या पायाखालची जमीनच सरकली. ऐकण्यावर ज्याचं नाव झालंय, तोच बहिरा निघाला तर दारात कोण येणार? त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. हे आपल्याकडे मुद्दाम लक्ष देत नाहीत, असं तिचं मत होतं आणि लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर तिला वेगळं काही वाटण्याचं कारणही नव्हतं.

सांगितलं ते एकट्या धाकट्या भावाला. वडील गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. काकांनीच त्याला वाढवलं, हाताला धरून धंदा शिकवला. आता जुना रंग काढणं आणि खड्डे भरणं धाकट्याकडे, वाजवणं आणि शेवटचा रंग काकांकडे, अशी वाटणी होती. दोघांनी मिळून खूण ठरवली. काका टोला देतील, डोळे मिटतील, उघडतील. गिऱ्हाइकाच्या पाठीमागे धाकटा उभा असेल. त्याचं फडकं खांद्यावर असलं तर रिम धड, हातात असलं तर तडा. "आजपासून माझे कान तू," काका म्हणाले, तेव्हा धाकट्याचे डोळे भरून आले होते.

मग एका सकाळी, मुलांना शाळेत पोचवणारी गाडी चालवणाऱ्या बाई दुकानात आल्या. त्यांनी एक रिम धाडकन टेबलावर ठेवली.

"काका, महिन्यापूर्वी तुम्ही वाजवून दिलीत ही. काल पुलावर टायर बसला. आत सात मुलं होती. टायरवाला म्हणतो, रिमला तडा आहे."

"शक्यच नाही," काका म्हणाले. त्यांनी रिम ओळखली. त्या दिवशी फडकं खांद्यावर होतं, हेही त्यांना स्वच्छ आठवत होतं. त्यांनी पॉलिश पेपर घेऊन आतल्या कडेचा आपलाच रंग घासायला सुरुवात केली. रंगाखाली करडी पुट्टी लागली. पुट्टीखाली बोटभर लांब तडा. भरणं इतकं सफाईदार होतं की शिकवणाऱ्यानेच शाबासकी द्यावी. असं भरणारा दुसरा हात अख्ख्या गावात नव्हता.

धाकटा मागच्या खोलीत रंग कालवत होता. काका आत गेले.

"तुला ऐकू आलं होतं ना?"

धाकट्याने मान वर केली नाही. "केसाएवढा होता, दादा. एवढ्याशा तड्यालाही तू गिऱ्हाईक परत पाठवतोस. लोक दुसरीकडे जायला लागलेत, दिसत नाही तुला?"

"अशा किती?"

"मोजल्या नाहीत."

"मुलं होती रे गाडीत!"

"मी भरून दिली होती नीट!" आता तोही तडकला. "आणि तुझं काय? दोन वर्षं लोकांसमोर डोळे मिटून नाटक करतोस. मी नसतो तर केव्हाच कुलूप लागलं असतं."

काकांनी हात उगारला आणि तसाच खाली घेतला. दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर दोन शिव्या हासडून मोकळे झाले असते. याने मात्र त्यांच्या बहिरेपणाचा फायदा घेतला होता, आणि तो बहिरेपणा त्यांनीच विश्वासाने त्याच्या हवाली केला होता.

ते बाहेर आले. "बाई, चूक आमची. नवी रिम मी देतो. आणि मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "मग त्या दिवशी डोळे मिटून काय ऐकत होतात?"

बाईंनी आपली रिम उचलली आणि नवी न घेताच त्या निघून गेल्या.

त्या संध्याकाळी काकांनी बायकोला सगळं सांगितलं. ती आधी दिराला बोल बोल बोलली, मग रडली, मग म्हणाली, "मला सांगितलं असतं तर?"

आठवड्याने एक तरुण रिम घेऊन आला. काकांनी ती टांगली, टोला दिला. डोळे मिटले नाहीत. धाकटा पुढे आला, गिऱ्हाइकाच्या देखत समोर उभा राहिला आणि मोठ्याने, तोंड स्पष्ट उघडून म्हणाला, "धड आहे, दादा. अगदी धड. शप्पथ." त्याचा चेहरा रडवेला झाला होता.

खरंच बोलत असावा. काकांनी त्याच्या तोंडाकडे पुष्कळ वेळ पाहिलं. या पोराला ताप आला की ते लांबूनच चेहऱ्यावरून ओळखायचे. आज त्या चेहऱ्यावरून त्यांना काही कळेना.

त्यांनी रिम उतरवली आणि त्या तरुणाच्या हातात दिली.

"दुसऱ्या कुणाला तरी दाखवून घ्या," ते म्हणाले. "इथे सांगणारं कुणी नाही."