बाबांच्या हातचं पाणी

शेजारी प्लास्टर सुरू झालं की ओल्या सिमेंटचा वास खिडकीतून आत येतो आणि मला रायपूरच्या बूढापाऱ्यातली आमची पुढची खोली आठवते.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. जिकडेतिकडे सरकारी इमारती उठत होत्या आणि मिस्त्रीकाम करणाऱ्या बाबांना उसंत नव्हती. सिमेंट कालवून कालवून त्यांच्या हातांची कातडी फाटली होती, भेगांतून लस झिरपायची. त्यातच एका रविवारी ताईला पाहायला गोंदियाहून पाहुणे आले. आई पोहे करत होती, म्हणून पाण्याचा ट्रे बाबांनीच आणला.

मुलाच्या वडिलांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "हे काय झालं जी हाताले?"

"सिमेंटनं झालं. डॉक्टर म्हणते, कोणाले लागत नाही."

"हव, हव," म्हणत ते उठलेच. "येतो आम्ही."

तेवढ्यात ताई आतून आली. तिनं त्यांच्यासमोर एक पेला उचलला आणि घटाघटा पाणी प्यायली. पाहुणे चपला घालून गेले.

कितीतरी वर्षं त्या दिवसातली मला फक्त ताई दिसायची, मान ताठ करून पाणी पिणारी. आता बाबा दिसतात. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा सिमेंटातच गेले, पण घरात त्यांनी आपलं ताट आणि पेला वेगळा ठेवायला सुरुवात केली. आई रडली, ताई भांडली. "राहू दे ना बाई," एवढंच ते म्हणायचे.

पुढे ताईचं लग्न दुसरीकडे झालं. तिच्या लेकराला बाबा दारातूनच हसवायचे. कडेवर मात्र त्यांनी त्याला शेवटपर्यंत घेतलं नाही.