महादेवकाका आणि संगणकातली बाई

महादेवकाका गेल्याचं मला तुमसरला, राईस मिलच्या ऑफिसात फोनवर कळलं. फोन आमच्या गावच्या, करडीच्या वाचनालयाच्या अध्यक्षांचा होता. आधी त्यांनी माझ्या नोकरीची चौकशी केली, मग मिलच्या मालकाची, आणि मग म्हणाले, "आपले ग्रंथपाल गेले बेटा... झोपेतच." आमच्या घरात पहिली पदवी माझी, आणि तिच्यासाठी लागलेलं जवळपास प्रत्येक पुस्तक काकांनी माझ्या हातात ठेवलं होतं.

पन्नाशीनंतर काकांची नजर गेली, पण विचित्र पद्धतीने. समोरचं दिसेना, कडेचं तेवढं अंधुक दिसे. त्यामुळे ते बोलताना समोरच्याच्या कानाकडे बघत आणि नवा माणूस मागे वळून पाही, कोण आलं म्हणून. पुस्तकांचं मात्र काही अडलं नाही, सगळी कपाटं त्यांच्या हाताला पाठ होती. अडलं ते संगणक आल्यावर. सगळ्या नोंदी आता त्याच्यावर होणार, तेव्हा काकांनी विश्रांती घ्यावी, असं अध्यक्ष फार प्रेमाने म्हणाले. काकांनी दोन महिने मागून घेतले. तेवढ्यात जमलं नाही तर खुर्ची सोडतो, असंही सांगून आले. मग मला निरोप धाडला. मी गेले तर म्हणाले, "तू शिकली नं? आता मले शिकव."

स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम मी बसवून घेतला. त्याचा आवाज बाईचा होता. तो ऐकताच काकांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. बाई आधी तारीख सांगे, मग वेळ, मग वाचनालयाचं पूर्ण नाव, मग दहा पर्याय. कंट्रोल दाबला की ती गप्प होते, असं मी काकांना सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. "बाई बोलून राहिली नं? मग तिले मधात काहून तोडाव?" एक पुस्तक शोधेपर्यंत चहा उकळून, पिऊन, कप धुऊन होई. नोंद पुसायची का, असं बाईने विचारलं की काका "नाही बाई" म्हणत आणि हात बांधून वाट बघत. बटणं ओळखू यावीत म्हणून त्यांनी डिंकाने धानाचे दाणे चिकटवले, एंटरवर एक, कंट्रोलवर दोन. पुढच्या रविवारी मी आले तर उंदरांनी सगळा कीबोर्ड साफ केलेला. काकांनी बोटं फिरवून पाहिली आणि म्हणाले, "पीक गेलं." मग काडेपेटीतल्या काड्यांचे तुकडे लावले.

दोन महिन्यांनी वाचनालयाची समिती बसली. अध्यक्षांनी मधमाश्या पाळण्याचं पुस्तक शोधायला सांगितलं. बाईने तारखेपासून सुरुवात केली. काका हात बांधून ऐकत बसले. अध्यक्षांनी विचारलं, अजून किती वेळ? काका म्हणाले, "साहेब, एका टायमाले एकानंच बोलाव." बाकीचे सदस्य खाली बघू लागले. अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. पाच मिनिटं, म्हणाले, मग दुसरा माणूस पाहावा लागेल. बाई अजून तिसऱ्या पर्यायावर होती... मी काकांच्या हाताकडे बघत होते. हात सरकला, दोन काड्यांवर थांबला. "माफी द्या बाई," काका हळूच म्हणाले आणि त्यांनी तिला तोडलं. पुढे बोटं भराभर चालली. बाई म्हणाली, पुस्तक दिलेले आहे, सभासद क्रमांक एक, मुदत संपलेली. काका अध्यक्षांच्या कानाकडे बघत म्हणाले, "साहेब, ते तुमच्याच घरी हाय." नेमकं त्याच पुस्तकाचं नाव आपल्याला इतकं पटकन का आठवलं, हे तेव्हा अध्यक्षांच्याही लक्षात आलं. सगळ्यात जास्त तेच हसले. खुर्ची राहिली, ती शेवटच्या दिवसापर्यंत.

नवा माणूस मिळेपर्यंत रविवारी मी बसावं, असं आता समितीने सांगितलं आहे. पहिल्याच दिवशी सभासदांची यादी लावली, तर त्यात शेवटचं नाव माझ्या आईचं. माझ्या आईला वाचता येत नाही. घरी विचारलं तेव्हा ती लाजली. दुपारी शेतावरून येताना ती तिथे टेकायची आणि काका तिला संगणकातल्या बाईकडून पुस्तकांची नावं ऐकवायचे. नुसती नावं? "नावं बी बरी वाटतेत आयकाले," आई म्हणाली. "अर्धी झाली होती... मग भाऊजी गेले."

पुढच्या रविवारी मी तिला सोबत नेलं आणि पुस्तकांची उरलेली यादी लावली. आई पदर सावरून बाकावर बसली. दहा-बारा नावं झाल्यावर तिने हात वर केला.

"हे घरी नेऊ."

"आई, पण तुला..."

"मले नाही येत, मालूम हाय. तुले तं येते नं?"

पदवी मिळून आठ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी आईला एक पानही वाचून दाखवलं नव्हतं, आणि तिनेही कधी मागितलं नव्हतं. मी कपाटातून पुस्तक काढलं, तिच्या नावावर चढवलं. ते पोटाशी धरून घरी येताना ती दोनदा म्हणाली, आज सैपाक लवकर करतो.