काटा लावलेली घरं

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, आणि अक्षरही वेडंवाकडं आहे. हे कुणाला दाखवायचं नाही. नात वाचायला शिकली की तिनं वाचलं तर वाचावं.

आमची कातकऱ्यांची वाडी खरवईच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. पावसाळ्यात मी शिरगावच्या बिल्डिंगांमध्ये रानभाजी विकते. एकदा टाकळ्याची जुडी निवडता निवडता एक बाई म्हणाली, "मावशी, तुमची माणसं कमी कमी होत चाललीत ना? वाचलं मी कुठंतरी."

मी बोलायला लाजते. "हो" म्हटलं, पैसे घेतले आणि उतरले. जिन्यात मात्र हसू आलं. माझ्या आईला सात पोरं झाली, त्यातली आम्ही दोघं जगलो. माझी चारही जगली, आणि आता नातवंडं अंगणात मावत नाहीत. कमी कुठली?

पण कागदावर आम्ही कमीच होतो. वाडीसाठी अंगणवाडी मागितली, तर उत्तर आलं की पोरं पुरेशी नाहीत. मोजणी झाली होती थंडीत. दिवाळी झाली की आमची अर्धी वाडी वीटभट्ट्यांवर जाते, पोरंही बरोबर. जाताना आम्ही दाराला बोरीची काटेरी फांदी लावतो, कुत्री-शेरडं आत शिरू नयेत म्हणून. मोजणाऱ्यानं काटा बघितला आणि घर ओसाड लिहिलं. अर्धी वाडी अशी ओसाड झाली.

पुढच्या थंडीत पुन्हा मोजणी होणार असं कळलं. नात अंगणवाडीच्या वयाची झाली होती. या वेळीही पोरं कमी भरली, तर तीही माझ्यासारखी भट्टीच्या राखेत मोठी होणार होती. मी घरवाल्याला म्हटलं, "यंदा मी भट्टीवर येत नाही. सगळ्यांची पोरं घेऊन इथं राहते."

"आणि मोजणीवाल्यांशी बोलणार कोण? तुझा आवाज चुलीच्या पलीकडं जात नाही."

"मग तू थांब आणि तू बोल."

त्याच्या दुखण्यात आम्ही भट्टीच्या शेठकडून उचल घेतली होती. उचल घेतली की नवरा-बायकोनं जोडीनं हंगामभर राबून ती फेडायची. थांबणं त्याच्या हातात नव्हतं, आणि खरं तर माझ्याही.

भट्टी अंबरनाथच्या बाजूला आहे. तिथं जाऊन मी शेठला सांगितलं, की नवरा येईल, माझ्या वाट्याचे पैसे मी रोख देईन. तो मुनिमाकडे बघून हसला. "ऐकलंस का? ही पैसे परत देणार! अगं, आजवर उचल कुणी रोख फेडलीय?"

"मी देते," मी म्हटलं. खाली बघून म्हटलं, पण म्हटलं. त्यानं हसत हसतच हंगाम संपेपर्यंतची मुदत दिली.

उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यातून मी धागे कापायचं काम आणलं. पँटींचं गाठोडं डोक्यावर घेऊन यायचं, अंगणात बसून लोंबणारे धागे कापायचे, परत पोचवायचं. बोटं निळी झाली. कारखान्याची सिंधी मालकीण रोज ओरडायची, "मौसी, जल्दी ला ना, माल अटका है!"

आयांनी पोरं माझ्याकडे ठेवली, बरोबर तांदूळ आणि सुकटही. एक म्हणाली, "माझा रडला तर सुकट दे. आईला विसरेल, सुकट विसरणार नाही."

एका सकाळी मोजणीवाली ताई आली. तरुण, उन्हानं लाल झालेली. दारं बघून म्हणाली, "मावशी, बरेच लोक गाव सोडून गेलेत वाटतं."

या वेळी मी बोलले. "ताई, कायमचा जाणारा काटा लावत नाही. तो कवाड आणि वासे काढून नेतो. काटा लावलाय म्हणजे माणूस परत येणार आहे."

"आणि पोरं?"

मी हाक मारली. कुणी ओढ्यातून निथळत आलं, कुणी चिंचेवरून उतरलं. ताई म्हणाली, "आपापलं घर दाखवा बरं." सगळी पळाली आणि आपापल्या काटा लावलेल्या दारासमोर जाऊन उभी राहिली. एकही दार सुटलं नाही. माझी छाती एवढी भरून आली, की धागे कापायची कात्री हातातून पडली. एवढे आहोत आम्ही, मला वाटलं. बघा म्हणावं.

ताई दारोदार फिरून लिहीत होती. निघताना मी तिला म्हटलं, "मोजायला पावसाळ्यात या ना. तेव्हा आईबापांसकट सगळे सापडतील."

"वर सांगून बघते," ती म्हणाली. सांगितलं की नाही, मला माहीत नाही. पण अंगणवाडी मंजूर झाली. सध्या पत्र्याच्या शेडमध्ये भरते. नात सकाळी माझ्याआधी तयार असते.

हंगाम संपला तेव्हा घरवाल्याचा वाटा त्याच्या कामात फिटला होता. माझ्या वाट्याच्या नोटा घेऊन मी भट्टीवर गेले. शेठनं त्या मोजल्या, मग मुनिमाकडून मोजून घेतल्या.

"पुढच्या वर्षी किती उचल देऊ?" त्यानं विचारलं.

"नको. आमच्याकडे काही राहिलंय का, तेवढं सांगा."

मुनीम म्हणाला, "नाही. सगळे फिटले."