पान एकशे सतरा

बालाजीला लेखक व्हायचं होतं, अन् तेही लवकर. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसला हा गडी. नांदेडला कोर्टासमोरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात तो टायपिंग करायचा. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, लग्नसराईत पत्रिका. बारा वर्षं दुसऱ्यांचे शब्द बडवल्यावर त्याला वाटलं, आता आपले बडवावेत. चार वर्षं खपून कादंबरी झाली. पुण्याच्या तीन प्रकाशकांना पाठवली. एकानं सहा महिन्यांनी कळवलं की सध्या आम्ही कविता घेत नाही. बाकीच्या दोघांनी तेवढीही तसदी घेतली नाही. "गेले खड्ड्यात," बालाजी म्हणाला आणि त्यानं स्वतःच प्रकाशन काढलं. दोन वर्षांमागं गेलेल्या मायचं नाव दिलं, कोंडाबाई प्रकाशन. मायला कधी सही करता आली नव्हती.

इथवर सगळं बरं होतं. पण कादंबरीत होतं काय? तर त्याच्या थोरल्या बहिणीचं, सिंधुचं, आयुष्य.

सिंधु लातूरला नांदते. नवरा रविकांत, त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान, दोन लेकरं, एक सासू. माणसं भली. पण लग्नाआधीची एक गोष्ट त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हती. एकोणिसाव्या वर्षी सिंधु एका पोराबरोबर पळून निघाली होती. मुदखेडच्या स्टेशनात गाडीत बसलीसुद्धा. मायला कुणकुण लागली. तिनं लोह्याजवळच्या गावातून जीप केली, बालाजीला सोबत घेतलं आणि फलाटावर जाऊन डब्याडब्यापुढं ओरडत सुटली. सिंधु उतरली. पोरगा गाडीबरोबर गेला. गावात सांगितलं, मावशीकडं गेली होती. प्रकरण मिटलं. मिटलं म्हणजे तिघांच्या पोटात राहिलं.

लिहायच्या आधी बालाजीनं तिला फोन केला होता, एवढं माप त्याच्या पदरात टाकायला हवं. 

"लिही बाबा," ती म्हणाली. "कुठंतरी येऊ दे ते. पण माझं नाव नको. अन् छापायच्या आधी एकदा मला वाचायला दे."

"हाव अक्का," बालाजी म्हणाला. दोन्ही अटींना होकार.

लिहिताना त्यानं सिंधुच लिहिलं, कारण दुसऱ्या नावानं ती डोळ्यांपुढं येतच नव्हती. सगळं झाल्यावर संगणकाला सांगितलं, जिथं जिथं सिंधु असंल तिथं आरती कर. यंत्रानं एका दमात चारशे बारा ठिकाणी आरती करून टाकली. शाळेच्या प्रकरणात गुरुजी 'आरती नदीच्या काठची संस्कृती' शिकवू लागले! बालाजी खुर्चीत हसून हसून आडवा झाला. नदीला तिचं नाव परत दिलं आणि समजला, झालं काम.

अन् वाचायला द्यायचं? ते त्यानं दिलं नाही. विसरला नाही बरं का! अक्का म्हणाली, स्टेशनचं प्रकरण काढ, तर काय करायचं, या भीतीनं दिलं नाही. त्या प्रकरणावर त्याचा लई जीव होता. सख्ख्या बहिणीपेक्षा जरा जास्तच होता म्हणा ना.

तीनशे प्रती छापल्या. प्रकाशनाला एका वाचनालयाचा हॉल घेतला. माणसांपेक्षा खुर्च्या जास्त होत्या. सासूचे गुडघे धरलेले, म्हणून सिंधु आली नाही, पण रविकांत दाजी लातूरहून मुद्दाम आले. पहिली प्रत त्यांनीच उचलली. "आमचे मेव्हणे लेखक हायेत," ज्याला त्याला सांगत होते. बालाजीला आभाळ ठेंगणं झालं.

पाचव्या दिवशी किशनराव गुरुजींचा फोन आला. हे गावचे रिटायर मास्तर. त्यांनी बालाजीला बाराखडी शिकवली होती आणि अजूनही लाल पेन खिशाला लावून हिंडतात.

"बालाजी, तुझं पुस्तक वाचून राहिलो. चांगलं हाय. छपाईची एक चूक दिसली, सांगू का?"

"सांगा की गुरुजी."

"पान एकशे सतरा. पोरीचं नाव आरती हाय न्हवं? मग माय फलाटावर 'सिंधे, ए सिंधे, माघारी फिर' म्हणून कोणाला हाका मारून राहिली?"

बालाजीला उलगडा झाला. यंत्रानं सिंधु शोधलं होतं. पण आपल्याकडं कोणती माय लेकीला हाक मारताना सिंधु म्हणते हो? हाकेत सिंधुची सिंधे होते, आरतीची आरते होते. शेंबड्या पोराला कळतं, यंत्राला कुठून कळावं! बाकी पुस्तकभर माय तिला नुसतं बाई म्हणते. नावानं हाक मारते ती एकदाच, अन् तीच नेमकी राहिली.

"गुरुजी, हात जोडतो, हे कोणाला बोलू नका."

गुरुजी चकित झाले. त्यांनी नुसती चूक दाखवली होती, त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. "म्हणजे... आपली सिंधु?" ते हळूच म्हणाले. घ्या, हात दाखवून अवलक्षण! बालाजीनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं तो लातूरला निघाला. दाजी पेपर वाचतात तोसुद्धा निविदा सूचनेपर्यंत. ते पान सोडतील ही आशाच नको. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, अन् याच्या डोळ्यांपुढं एकच, अक्का दोन लेकरं घेऊन दारात उभी आहे आणि दार आतून बंद आहे.

दार सिंधुनंच उघडलं. दाजी दुकानावर होते, लेकरं शाळेत, अन् गुडघे जरा मोकळे झाल्यानं सासू देवळात.

"अक्का, पुस्तक कुठाय?"

तिनं टीव्हीवरचं पुस्तक आणून त्याच्या हातात दिलं. बालाजीनं घाईनं पानं उलटली. एकशे सोळा. मग एकशे एकोणीस. मधलं पान नव्हतं.

"म्या फाडलं," सिंधु म्हणाली. "त्यांनी आणलं त्याच दिवशी. ते अंघोळीला गेले अन् म्या स्टेशनचंच प्रकरण उघडून पाहिलं. गॅसवर जाळलं."

"सुटलो गं बाई!" बालाजी म्हणाला आणि पुस्तक मिटून खाली बसला.

"तू सुटलास," ती म्हणाली. "चार दिस झाले, मला घास गिळंना. नावाचं जाऊ दे, ते चुकून झालं. पण मला वाचायला दे म्हणलं होतं. एवढंच म्हणलं होतं रे. ते तू जाणूनबुजून केलंस."

बालाजीला लाज वाटली. खरोखरची.

"ह्यांनी इचारलं, तू वाचलंस का. म्या म्हणलं, कामातून वेळ कुठाय, हातसुद्धा लावला न्हाई."

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. दाजी जेवायला आले होते. बालाजीला बघून त्यांचं तोंड फुललं.

"अरे वा! लेखकसाहेब! बरं झालं आलात. त्या छापखानेवाल्याला बुकलायला पाहिजे राव. ऐन मोक्याला पान गायब! दुसरी प्रत आणली का?"

आता बघा, चार वर्षं हा माणूस ज्याची वाट बघत होता, तो वाचक पुढ्यात उभा. पुढचं पान मागतोय. आणि लेखक म्हणतो काय?

"सगळ्याच प्रतींत ते पान राहिलं, दाजी."

म्हणजे आता तीनशे पुस्तकांतून ते हातानं फाडणं आलं.

"मग तोंडी सांगा," दाजी हात धुऊन जेवायला बसले. "पोरगी गाडीत बसली, माय जिन्यावरून पळत येऊन राहिली, इथवर आलं. पुढं एकदम दहा वर्षांनंतरचंच. ती उतरली का न्हाई?"

"ते... वाचकानं ठरवायचं असतं, दाजी."

"हॅट! असं कुठं असतंय का?"

"उतरली," सिंधु म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन उभी होती. दाजींनी मान वळवली. चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं.

"तू तर पुस्तकाला हात लावला न्हाई म्हणालीस?"

सिंधुनं ताट त्यांच्यापुढं ठेवलं. वरण ताटभर पसरलं. मग ती त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर बसली.

"बालाजी, तू नीघ. नांदेडची गाडी असंल."

"अक्का, थांब. मी समजावून सांगतो दाजींना..."

"तू सांगितलंस तेवढं लई झालं," ती त्याच्याकडं न बघता म्हणाली. "आता माझं मी सांगते."

बालाजी उठला. चपला सापडेनात, पायानंच चाचपडून घातल्या. मागं दाजींनी ताट बाजूला सरकवल्याचा आवाज आला, आणि त्यानं बाहेरून दार ओढून घेतलं.