कॅसेटमध्ये नसलेली शिट्टी

१९९१ सालच्या हिवाळ्यात अंबरनाथ पूर्वेला झालेल्या कबड्डी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पंच वसंत साळवे यांनी दिलेला शेवटचा निर्णय बरोबर होता. तो चुकीचा होता, अशी बातमी मी दिली. बातमी लिहिताना तो बरोबर असल्याचं मला माहीत होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

आता सांगतोय, तेही काही सद्बुद्धी सुचली म्हणून नाही. चीड आली म्हणून.

गेल्या महिन्यात बदलापूरच्या एका वाचनालयात परिसंवाद होता. विषय : खेळात पंच माणूस असावा की यंत्र? मला अध्यक्ष केलं होतं. का? तर ‘पंच हटवा, कॅमेरा आणा’ असं या भागात सगळ्यात आधी मी लिहिलं. हल्ली क्रिकेटमध्ये धावबाद ठरवायला तिसरा पंच पडद्याकडे बघतो ना, ते मी आधीच सांगितलं होतं म्हणे. एक कॉलेजातला मुलगा उठला. म्हणाला, “सर, सिंपल आहे. माणूस बिकतो, मशीन बिकत नाही.” टाळ्या पडल्या. मी मान डोलावली. आठ वर्षं मी हीच मान डोलावतो आहे. त्या टाळ्यांचा मला राग आला, आणि त्याहून जास्त माझ्या मानेचा.

तर — काय झालं होतं?

मी तेव्हा जिल्ह्यातल्या एका दैनिकाचा अंबरनाथचा वार्ताहर होतो. शिवाय स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचा प्रसिद्धीप्रमुख. दोन्ही एकदम कसं चालतं? आमच्याकडे चालायचं. ज्याच्या हातात पेन, त्यानेच निमंत्रणं छापायची, पाहुणे गाठायचे आणि दुसऱ्या दिवशी ‘स्पर्धा उत्साहात पार पडली’ असं लिहायचं. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. मलाही नाही.

त्या वर्षी व्हिडिओवाला मी आणला. लच्छू. उल्हासनगरच्या कॅम्पातला, लग्नांचं शूटिंग करणारा. कबड्डी त्याला कळत नव्हती आणि कळायची गरजही नव्हती, कारण त्याला बोलावलं होतं ते बक्षीस समारंभासाठी. पाहुण्यांचा सत्कार, हार, भाषण. सामना अधूनमधून घे, असं मी त्याला सांगितलं. कॅसेट जपून वापर, समारंभाच्या वेळी संपली तर मंडळवाले माझी चामडी सोलतील.

“टेन्शन कायको लेते साईं,” तो म्हणाला. “शादी में भी वही करते. भटजी बडबडायला लागला की बंद, हार घालायला लागले की चालू.”

मैदानातही त्याने तेच केलं. चढाई सुरू झाली की कॅमेरा चालू. पकड झाली, सगळे एकमेकांवर कोसळले, माती उडाली, की बंद. ढिगाऱ्यात काय दिसणार? कुणी बाहेर आलं की पुन्हा चालू.

कबड्डी न खेळलेल्यांसाठी एवढं सांगायला हवं. चढाई करणाऱ्याने ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत राहायचं असतं. प्रतिस्पर्ध्यांनी धरलं तरी त्याचा हात मध्यरेषेला लागला तर तो सुटला, आणि धरणारे सगळे बाद. पण त्याआधी दम तुटला, तर बाद तो. ढिगाऱ्याखाली दम तुटला की नाही हे दिसत नाही. ऐकावं लागतं. म्हणून साळवे गुडघे टेकून ढिगाऱ्याशेजारी बसायचे आणि कान जवळ न्यायचे. पोरं टिंगल करायची — “डॉक्टर साळवे आले, छाती तपासायला!” साळवेही हसायचे. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये ते नोकरीला होते, रविवारी पंच. पंचगिरी हीच त्यांची खरी ओळख होती. रस्त्यातही लोक त्यांना ‘साळवे पंच’ म्हणूनच हाक मारत.

अंतिम सामना आमचं मंडळ आणि बदलापूरचा संघ यांच्यात झाला. शेवटची चढाई आमची. आम्ही एका गुणाने मागे. बदलापूरच्या चौघांनी आमच्या पोराला रेषेच्या अलीकडे हातभर अंतरावर दाबलं.

मी लच्छूच्या शेजारी उभा होतो. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा विझला. साळवे वाकले. आखूड शिट्टी झाली. दम तुटला होता. त्यांनी चढाई करणाऱ्याला बाद दिला. शिट्टी ऐकून बदलापूरकरांनी पकड सोडली. सुटलेल्या पोराने हात लांबवून रेषेवर ठेवला. लच्छूला वाटलं, कुणीतरी बाहेर आलं. लाल दिवा लागला. मग वेळ संपल्याची लांब शिट्टी.

याच क्रमाने. मी पाहिलं आणि ऐकलं. लोक आरडाओरडा करत होते, तरी मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या खोलीत टीव्ही आणि व्हीसीआर मांडला. कल्पना कुणाची होती? माझी. पोरं चिडलेली होती, पंचाने हरवलं म्हणत होती, आणि मी म्हणालो, बघूया की, कॅमेरा आहे ना. मला काय दिसेल याचा अंदाज नव्हता का? होता. थोडासा होता. तो ‘थोडासा’ शब्दही मी स्वतःला वाचवण्यासाठीच वापरतो आहे. होता.

साळवेंना निरोप धाडून बोलावलं. ते आले, इस्त्रीचा शर्ट घालून.

पडद्यावर पकड दिसली. धुरळा दिसला. मध्ये बारीकसा झटका — कोपऱ्यातला चहावाला अचानक नाहीसा होतो, एवढाच. लगेच रेषेवर हात. लगेच शिट्टी — ती वेळ संपल्याची, लांब. मग साळवे, हात वर केलेले. हात आधी, शिट्टी नंतर. आंधळ्यालाही दिसेल असं.

खोली पेटली. बदलापूरचा कप्तान दारात उभा राहून ओरडत होता, अरे पहिली शिट्टी झाली म्हणून तर सोडला आम्ही त्याला! त्याचं कोण ऐकणार? तो जिंकलेला होता, तो असंच म्हणणार.

लच्छू व्हीसीआरपाशी बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं. हळूच म्हणाला, “साईं, बीच में तो मैंने—”

“तू मशीन चालव,” मी म्हणालो.

हाच तो गुन्हा. तीन शब्द. बाकी सगळं त्यातून निघालं. लच्छूला त्या लोकांशी काही देणंघेणं नव्हतं. तो माझा माणूस होता, माझ्या सांगण्यावर चालू आणि माझ्या सांगण्यावर बंद.

“पंच, नंबर वाढवून घ्या चष्म्याचा!” कुणीतरी म्हणालं. मागून दुसरा म्हणाला, “सवलतीत शिट्टी मिळाली की असंच व्हायचं.” हशा पिकला. साळवे बौद्ध होते. त्या खोलीत तसे ते एकटेच होते. मी हसलो नाही. हे ‘मी हसलो नाही’ मी इतकी वर्षं जपून ठेवलं आहे, जणू काही पदक. हसला नाहीस? वा. केवढं शौर्य! ज्या हशाला जागा तू करून दिलीस, त्यात तुझा आवाज नव्हता, एवढंच ना?

साळवे म्हणाले, “पुन्हा लावा.”

पुन्हा लावलं.

“मी शिट्टी आधी दिल्याचं मला आठवतंय.”

“कॅमेऱ्याला नाही आठवत ना पण!” एक पोरगा ओरडला.

साळवे टीव्हीच्या अगदी जवळ गेले. ढिगाऱ्याशेजारी बसायचे तसे गुडघे टेकून बसले आणि तिसऱ्यांदा पाहिलं. उठले. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. “दिसतंय तर खरं,” म्हणाले. आणि गेले.

मंडळाने निकाल फिरवला. चषक आम्हाला. माझी बातमी जिल्हाभर पहिल्या पानावर आली : ‘कॅमेऱ्याने पकडला पंच’. मग लेखमाला. माणसाचा डोळा थकतो, माणसाला गाव असतं, नाती असतात, जात असते. यंत्राला काहीच नसतं, असं मी लिहिलं. छान लिहिलं. त्या लेखांवर मला मुंबईच्या दैनिकात जागा मिळाली. संघासाठी मी गप्प बसलो, असं तुम्हाला वाटलं असेल तर तसंही नाही. संघ जिंकला की हरला, मला काही फरक पडत नव्हता. मला बातमी हवी होती. ‘पंचाचा निर्णय बरोबर’ ही बातमी नसते.

यंत्राला जात नसते, हे खरंच. पण लाल दिवा कधी लावायचा आणि कधी विझवायचा, हे ठरवणाऱ्याला? कॅसेट तपासायला बसलेल्या खोलीला? मी हे विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मीच होतो.

साळवेंना कुणी निलंबित केलं नाही. स्पर्धांची बोलावणी येईनाशी झाली, इतकंच. नोकरी संपल्यावर ते बदलापूरजवळ खरवईला, मुलाने घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहायला गेले.

परिसंवादानंतरच्या रविवारी मी तिथे गेलो. सांगायला. त्यांनी लगेच ओळखलं. “या या, पत्रकारसाहेब,” म्हणाले आणि पंखा माझ्याकडे वळवला. वहिनींनी चहा ठेवला. मी सुरुवात कशी करावी ते जुळवत होतो, तेवढ्यात तेच बोलायला लागले.

“त्यानंतर मी डोळे तपासून घेतले. कानसुद्धा. डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही. पण कॅसेट कशाला खोटं सांगेल? त्या एका सामन्याचं नाही वाटत हो. त्याच्या आधीच्यांचं वाटतं. तेव्हा कुठे कॅमेरा होता? मी ऐकलं, मी ऐकलं म्हणत किती पोरांना उगाच बाद दिलं असेल, सांगा ना? त्यातल्या कुणाची निवड गेली असेल, कुणाची नोकरी गेली असेल. तुम्ही छापलंत ते बरंच झालं. मी आपण होऊन कधी थांबलो नसतो.”

आता बोल. आता नाही तर कधी? मी बशीकडे बघत होतो. वहिनी म्हणाल्या, “अजून घ्या ना अर्धा कप.” मी घेतला. प्यायलो. खेळाबद्दल, पावसाबद्दल, लोकलच्या वेळांबद्दल बोललो. ते मला जिन्यापर्यंत सोडायला आले. मी काहीही न सांगता परत आलो.

धीर झाला नाही, असं लिहिणार होतो, ते खोडलं. धीराचा प्रश्नच नव्हता. समोरचा माणूस स्वतःच्या कानांवरचा विश्वास गमावून बसला होता, तो त्याला परत देणं एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य उच्चारलं असतं तर त्याच्या डोळ्यांत मी कोण ठरलो असतो, ते मला बघायचं नव्हतं. म्हणून छापतो आहे. छापलेल्या पानाला डोळे नसतात. आताही मी सोयीचीच बाजू घेतली आहे.

हे लिहिण्याआधी शेजाऱ्यांकडून खात्री करून घेतली. साळवे खरवईलाच राहतात. कबड्डी बघायला जात नाहीत. कुणी विचारलं तर त्या दिवशी आपलं चुकलं, असं सांगतात.